एक जूनला जन्मलेले सगळे

सारंगखेड्याला घरी आले तेव्हा ऑफिसने मला तीन महिन्यांची मुदत दिली होती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डावा हात अजून वर जात नव्हता आणि आई गेल्यापासून घरात ते एकटेच होते. काम पुण्यातल्यासारखं वेळेत झालं तर पुढेही घरून करा, नाही तर परत या, असं आमच्या टीम लीडने स्वच्छ सांगितलं होतं. मला परत जायचं नव्हतं.

आमचं काम नावांच्या याद्यांचं. एखादी संस्था अर्धवट यादी पाठवते. क्लाउडवरचा आमचा प्रोग्राम जुन्या नोंदी धुंडाळून त्यात तालुका, पिनकोड, राहिलेली माहिती भरतो आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर त्या जोडतो. त्यात एक ओळ बदलली की ती वर पाठवायची, अर्धा तास थांबायचं, मग कळायचं की स्वल्पविराम चुकलाय. तेवढ्यात लाइट जायची, नेट जायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पहिल्या आठवड्यात मी इतकी चिडचिड केली की आप्पा चहासुद्धा मागेनात.

शेवटी ठरवलं, क्लाउड लॅपटॉपवरच आणायचा. म्हणजे त्याचं सोंग. वरून जशी उत्तरं येतात तशी देणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला, चाळीस माणसांची खोटी यादी बनवली आणि फाइल सेव्ह केली की सगळं आपोआप पुन्हा चालेल अशी सोय केली. ओळ बदला, पाच सेकंदांत निकाल, नेट असो नसो. चाळीसच्या चाळीस ओळी हिरव्या, म्हणजे बिनचूक, झाल्या तेव्हा मी आप्पांना हाक मारली.

"हाई काय शे?" त्यांनी चष्मा लावत विचारलं.

"गॅदरिंगनी रंगीत तालीम समजा. खरा कार्यक्रम सोमवारले."

आप्पांची सगळी नोकरी सातपुड्यातल्या प्राथमिक शाळांवर गेली. यादी दिसली की तपासायचीच, ही जुनी खोड. बोट फिरवत ते खाली गेले आणि हसायला लागले.

"हाई कोना गावना लोके शेतस? समदास्ना वाढदिवस येगयेगळा!"

"मंग कसा ऱ्हाई?"

"एक जून."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मग त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरून दाखवला. पाड्यावर जन्माचे दाखले कुणाकडे नसत. मुलाचा हात असा कानाला लागला की ते सहा वर्षांचं. सहा वर्षं मागे मोजून साल काढायचं आणि तारीख एक जून लिहायची, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर बसतं. पाड्यावर आडनाव एक, नावंही तीच तीच, आणि अख्ख्या वर्गाची जन्मतारीखही एक.

नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच, हा नियम मीच लिहिला होता. खोट्या नावांच्या जागी आप्पांना आठवली तशी एका वर्गाची नावं घातली, सगळ्यांना एक जून दिला आणि सेव्ह केलं. पाच सेकंदांत चाळिसाची सव्वीस माणसं झाली. याच जिल्ह्यात शिकलेली मी, पण खोटी माणसं बनवताना ऑफिसात केक कापणारी माणसं बनवली होती. स्वतःचीच लाज वाटली.

आप्पा मात्र हसायचे थांबले होते. "एक माय सांगी ऱ्हायंती, होळीना दुसरा रोज जनमना म्हनीसन. मी तिले म्हनं, कागदवर तसं नही चालत. लिखी टाकं एक जून."

मी नियम बदलला. एक जून दिसला की तारखेवर भरवसा ठेवायचा नाही, वडिलांचं नाव बघायचं. तेही नसेल तर नोंदी जोडायच्या नाहीत, माणसाकडे तपासायला द्यायच्या. यात सोमवार हुकला. आता पुणं, असं मनाशी धरूनच मी फोन केला आणि सगळं सांगितलं.

टीम लीड म्हणाले, "हे इथं कुणाच्याच लक्षात आलं नसतं. तुम्ही तिथूनच काम करा. मुदत वगैरे विसरा."

आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मन्ही माय सांगे, घोडास्नी यात्रा भरेल व्हती तवय मी जनमनू. यंदा तू आठे शे, तर तवय करूत मन्हा वाढदिवस."

आमच्या गावची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला, डिसेंबरात भरते. पुण्याहून मी दर वर्षी न चुकता एक जूनला त्यांना फोन करायचे. दर वर्षी ते "हा बेटा, थँक्यू" म्हणायचे. खरा दिवस कोणता, हे मी कधी विचारलंच नव्हतं.