चौडे टायर, मागची सीट

गाडी दहा वर्षांची, दोन दारांची, लाल. नागपूरच्या एका डॉक्टरकडून घेतलेली. समोरून पाहिली की स्पोर्ट्स कार वाटते. मागून पाहिली की पाठ रुंद आणि खाली मडगार्डच्या आत दबलेली अरुंद चाके दिसतात. पहिलवानाने धाकट्या भावाच्या चपला घातल्यासारखी. अमरावतीच्या आमच्या गल्लीत हा दोष फक्त मला दिसत होता. बाकीच्यांना दुसरीच चिंता होती. मागे बसलेल्याला स्वतःचे दार नाही. पुढचा उठला, त्याने सीट वाकवली, तरच मागचा बाहेर. "म्हणजे मागचा कैदीच की," असे शेजाऱ्यांनी एकदा म्हटले आणि विषय मिटला.

टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात. गाडीला मुळात दोनशे पाचचे टायर होते. मागच्या चाकांसाठी दोनशे पंचवीस घ्यावेत की दोनशे पंचेचाळीस, हा प्रश्न काही महिने घरात चालू होता. घरात म्हणजे माझ्या डोक्यात. अमरावतीतले दुकानदार दोनशे पंचवीसच्या पुढे जायला तयार नव्हते. मडगार्डची कड टायरला लागेल, असे त्यांचे म्हणणे. अकोल्याच्या एका दुकानात मात्र दोनशे पंचेचाळीसची जोडी काळ्या अलॉय रिमवर चढवून भिंतीला टांगलेली दिसली. त्यानंतर तुलना करण्यासारखे फारसे उरले नाही.

बायकोला मी कारण दिले की रुंद टायर वळणावर रस्ता घट्ट धरतात.

"अमरावती ते अकोला वळण आहे कुठं?" तिने विचारले.

"बडनेऱ्याजवळ आहे एक."

तिने पुढे वाद घातला नाही, कारण तिच्या मनात त्या दिवसांत वेगळाच विषय होता. तिचे वडील अकोल्याला दिवाणी वकील. आमच्या घराच्या वास्तुपूजनाचे आमंत्रण मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. स्वतः जाऊन, कुंकू लावलेली पत्रिका हातात देऊन नाही. त्यांनी उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले आणि ते आले नाहीत. त्यालाही आता तीन वर्षे झाली होती. फोनवर बोलत, लेकीला भेटायला बोलावत. पण आमच्या दारात पाऊल नाही. सासूबाईंना यायचे असे, पण एकट्या त्या येत नसत. बायकोने तीन वर्षे हळूहळू रदबदली केली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "जावईबापू स्वतः घ्यायले आले तं येतो."

रविवार ठरला. मी म्हटले, मी जातो. इतक्या तत्परतेने म्हटले, की बायकोने माझ्याकडे दोनदा पाहिले.

"सरळ जायचं, सरळ आणायचं," ती म्हणाली. "ते रस्त्यातून परत फिरले तर पुन्हा कधी येणार नाहीत. त्यांच्यासमोर गाडीचं काही काढू नको."

रविवारी सकाळी मी आधी टायरच्या दुकानात गेलो. पुढे दोनशे पंचवीस, मागे दोनशे पंचेचाळीस. गाडी जॅकवरून खाली आली तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिला मागून पाहिले. पहिलवानाला त्याच्या मापाचे जोडे मिळाले होते. दुकानदार मात्र मागच्या चाकाशी उकिडवा बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालू पाहत होता. बोट जात नव्हते.

"रिकामी गाडी चालन," तो म्हणाला. "वजन पडलं की मांगून दबते, मंग घासन. असं करा साहेब, मांगच्या शिटवर ढेपीची दोन पोती टाका अन् अमरावतीले घेऊन जा. नाही घासलं तं तुमचे. घासलं तं वापस या, दोनशे पंचवीस चढवून देतो. ते बी एकच जोडी हाय."

सरकीच्या ढेपीचे पोते पन्नास किलोचे. त्याला तेलाचा वास असतो आणि तो वास सीटच्या कापडातून पोळ्यापर्यंत जात नाही. दोन पोती म्हणजे शंभर किलो. माझे सासरे शंभराला थोडे कमी. सासूबाई गुडघ्यांमुळे मागे बसूच शकत नव्हत्या. म्हणजे मागे कोण बसणार हे आपोआप ठरत होते; मी काही ठरवले, असे म्हणता येणार नाही.

"पोत्यांचं मी पाहतो," मी दुकानदाराला सांगितले.

सासरे इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात तयार होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"हे मांगचं चाक भाएर काहून आलं?"

"तसंच असतं बाबा. स्पोर्ट्स कार आहे."

"मांगच्या वेळी आत होतं."

सासूबाईंनी पापडांचा पत्र्याचा मोठा डबा आधी मागे ठेवायला लावला. तो उजवीकडे बसला. मग सासरे आधी डोके, मग एक खांदा, मग उरलेले, अशा क्रमाने डावीकडे बसले. गाडीची मागची बाजू खाली गेली. मी टायरकडे ओझरते पाहिले. सासूबाई पुढे बसल्या आणि मागचा मार्ग बंद झाला.

महामार्गावर काहीच वाजले नाही. रस्ता सपाट. सासरे प्रसन्न होते. एका जुन्या दाव्याची हकिकत सांगत होते, ज्यात दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचे निंबाचे झाड कोणाचे हे ठरेपर्यंत झाड वाळले होते. मीही प्रसन्न होतो, पण सपाट रस्त्यावरचा निकाल मला मान्य नव्हता. मूर्तिजापूर आले तसे मी गाडी गावात घातली.

"चहा घेऊ," मी म्हटले.

"चहा तं हायवेवर बी भेटते," सासूबाई म्हणाल्या.

"इथला चांगला असतो."

गावात शिरताना गतिरोधक आहे. पुढची चाके निमूट उतरली. मागची उतरताना डावीकडून आवाज आला, खर्र. पाट्यावर सुके खोबरे ओढावे तसा.

"काय वाजलं?" मागून प्रश्न आला.

"रस्ता आहे थोडा खराब."

पण एका आवाजावर बातमी होत नाही. दुजोरा लागतो. चहा झाल्यावर मी गाडी वळवली, ती आल्या रस्त्यानेच, आणि पुन्हा त्याच गतिरोधकावरून, या वेळी जरा जोरात. खर्र. मग रस्ता चुकल्याचे सांगून पुन्हा गावात. खर्र.

"जावईबापू," सासरे म्हणाले. आवाज कोर्टातला होता. "ह्या गतिरोधकावरून आपण तिसऱ्यांदा चाललो."

"हो का?"

"पहिल्यांदा चहासाठी. दुसऱ्यांदा वापस जायासाठी. आता कायच्यासाठी?"

मी उत्तर जुळवत असताना फोन वाजला. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, आणि तो उचलण्याचे बटण स्टिअरिंगवर माझ्या अंगठ्याखाली. सवयीने दाबले गेले. दुकानदाराचा आवाज चारही कोपऱ्यांतून आला.

"साहेब, ते दोनशे पंचवीसचं एक गिऱ्हाईक मांगून राहिलं. ठेवू का देऊन टाकू? घासलं का? ढेपीची पोती टाकली ना मांगं? दोन म्हटलं होतं मी, वजनासाठी."

आरशात सासऱ्यांचे डोळे दिसत होते. त्यांनी आधी स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले, मग डब्याकडे, मग माझ्या मानेकडे.

"एकच टाकलं," ते मोठ्याने म्हणाले. "पन भरलेलं हाय. बोला."

"हां हां. मंग घासलं का?"

"घासलं. डाव्या बाजूनं. तीनदा. तिन्ही वेळा मी हजर होतो."

"बरं झालं साहेब. कोन बोलून राहिले?"

"पोतं," सासरे म्हणाले. "ती जोडी ठेवा."

फोन बंद झाला. पुढचे वाक्य काय असणार ते मला ठाऊक होते. "गाडी थांबवा." मी कडेला थांबवली. "मी अकोल्याच्या एसटीनं जातो. तुमी जा." ते उठू लागले, पण पुढच्या सीटची पाठ त्यांच्या छातीशी होती. "अवो, उतरा. मले भाएर येऊ द्या."

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी सीटचा पट्टासुद्धा सोडला नाही.

"मी काई उतरत नाही. माह्या गुडघ्यात दम नाही अन् लेकीचं घर मी पाहिलं नाही अजून. तुमाले रुसाचं असन तं तिथंच बसून रुसा."

"जावईबापू, तुमी उतरा. मी तुमच्या बाजूनं येतो."

"जावईबापू," सासूबाई समोर पाहत म्हणाल्या, "तुमी उतरू नका."

माझ्यासमोर परस्परविरोधी दोन आदेश होते. उजवीकडून उतरायचे तर त्यांना आधी पापडांचा डबा ओलांडावा लागला असता, आणि तो डबा सासूबाईंनी भरला होता. मी गिअर टाकला.

"हे बेकायदा डांबून ठेवणं आहे," मागून आवाज आला.

"कोर्टात सांगा," सासूबाई म्हणाल्या.

बडनेरा जवळ आले. एक वळण आले. गाडीने रस्ता उत्तम धरला. हे निरीक्षण नोंदवण्याची ती वेळ नव्हती.

घरासमोर बायको भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा गडवा घेऊन उभी होती. मला तिच्या बापाला तिथून उतरवायचे होते आणि ते कसे, हे माहीत नव्हते. सासूबाई हळूहळू उतरल्या. मी सीट वाकवली. वाट मोकळी झाली. ते बसूनच राहिले.

बायको वाकली. "बाबा, उतरा ना."

"आधी एक सांग. मले मांगं काहून बसवलं, हे तुले माहीत आहे का?"

"आईच्या गुडघ्यासाठी," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिले. "दुसरं काय असणार?"

ते तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. साक्षीदार खरे बोलतो आहे की नाही, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पापडांचा डबा उचलला.

"काही नाही," ते म्हणाले. "दे हात."

तिने दोन्ही हात दिले. ते आधी खांदा, मग डोके, असे बाहेर आले. बायकोने तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले आणि ते आत गेले. प्रत्येक खोलीत उभे राहिले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटाने टकटक केली, रजिस्ट्री कोणाच्या नावे आहे ते विचारले, लेकीचेही नाव आहे हे ऐकून मान हलवली.

जेवायला पातोडीची भाजी होती. सासूबाई एव्हाना लेकीबरोबर बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या, आणि तिथून एकदा मोठ्याने हसण्याचा आवाज आला होता. बायको वाढायला आली ती ओठ आवळून.

"गाडीत त्रास नाही ना झाला बाबा?"

"नाही. जावईबापू लय काळजीनं चालवतात. एकेका गतिरोधकावरून तीन-तीनदा नेतात."

सासूबाईंना ठसका लागला. मी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला आणि पानाकडे पाहत राहिलो. सासऱ्यांनी पोळीचा शेवटचा घास रश्श्यात बुडवला, खाल्ला आणि ताट लेकीपुढे केले.

"वाढ अजून दोन. चार दिवस राहीन म्हणतो. वापस गेलो की ते दोनशे पंचवीस चढवून, पोतं टाकून पाहाचं हाय; वजन कमी भरलं तं जावईबापू पुन्हा घ्यायले येतीन."