साडूच्या बांधावर नॉर्वे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधेमधे मला थांबायला नको. फजिती माझीच आहे. आणि ती मी पाहुण्यारावळ्यांना आवतण देऊन, मटण खाऊ घालून, चारचौघांत करून घेतलेली आहे!

भांडगावला हायवेला लागून माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली, बोअरवरची जळली, की लोक माझ्याकडं आणतात. पण त्या दिवसांत मोटारींपेक्षा जास्त मीच जळत होतो. कुणावर? साडूवर!

विलासराव. माझ्या बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला सणसवाडीला. तिकडं कंपन्या आल्या तसा यानं घरावर मजला चढवला आणि खोल्या भाड्यानं दिल्या. इथवर ठीक. पण वरच्या खोलीत भाडेकरू कोण यावा? कोरियाचा साहेब! झालं. त्या दिवसापासून विलासराव साडू राहिलाच नाही, कोरियाचा वकील झाला.

"टीव्ही घेताय? आमच्या कोरियाचा घ्या."

"आमच्या कोरियात असलं चालत न्हाई, पोपटराव."

बारशाला जावं तर कोरिया, साखरपुड्याला जावं तर कोरिया. एकदा दहाव्याला कावळा शिवेना. सगळे ताटकळत उन्हात उभे. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "कोरियात एवढा टाइम लावत न्हाईत!"

घरी आल्यावर सुनंदा सुरू व्हायची. "मंगलच्या घरी कोरिया हाय. आपल्या घरी काय हाय? घूस!"

नुसता मानपानाचा मामला असता तर मी सोडूनही दिला असता. (सोडला नसता. पण असं म्हणायची पद्धत असते.) खरं दुखणं होतं बांधाचं. आमच्या सासऱ्यांना, आबांना, मुलगा नाही. वडगाव रासाईला भीमेच्या काठी त्यांची जमीन. त्यातला एकेक तुकडा त्यांनी दोन्ही लेकींना दिला. आमचा तुकडा रस्त्याला लागून, मंगलचा मागं, नदीच्या अंगाला. तिचा ऊस बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर आमच्या बांधावरूनच जाणार. मी काय केलं? बांधावर बाभळीचे काटे रचले. जा म्हणावं आता कोरियावरून!

अशात एक दिवस दुकानासमोर जीप बंद पडली. कुरकुंभच्या एका कारखान्यात नवीन मशीन बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर आत होता. उंच, लालबुंद, भुवया पार पांढऱ्या. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा निघाला, दौंडचा युनूसभाई. परदेशी साहेबांना फिरवून फिरवून त्याला इंग्रजी चांगलं जमायला लागलं होतं.

"हे लार्स साहेब," तो म्हणाला. "नॉर्वेचे."

"मोठा देश हाय का?"

युनूसभाईनं साहेबाला इंग्रजीत विचारलं. साहेब हसला, एक हात वर, एक हात खाली धरून मधलं अंतर दाखवलं.

"मिडियम म्हणतायत."

मिडियम! माझं तोंडच उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा फॉरेनर दुकानाची पायरी चढला, आणि तोही बनियनसारखा मिडियम साइजचा?

मी तरी चहा सांगितला. चहा पिता पिता युनूसभाई म्हणाला, "मालक, देश मिडियम, पण जगात वजन लई. कुठं दोघांचं वाकडं आलं, का ह्यांना बोलवत्यात. ह्ये मधी बसून बोलणी घडवत्यात. कुणाच्याच बाजूचे न्हाईत ना, म्हणून समदे ऐकत्यात."

शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही हो! माझ्या कानात एकच शब्द घुमत होता. वजन! कोरिया काय करतो? टीव्ही विकतो. आणि नॉर्वे? जगाचा सरपंच!

जीप सुरू होऊन हायवेला लागते न लागते तोच मी सणसवाडीला फोन लावला.

"विलासराव, आमचा नॉर्वे येऊन गेला आत्ता चहाला."

"नॉर्वे? आपल्या पुणे जिल्ह्यात त्याच्यापरीस जास्त माणसं हायत!"

"डोकी मोजू नका, वजन बघा! जगातली भांडणं मिटवतो आमचा नॉर्वे."

पलीकडून हळूच आवाज आला, "आस्सं? मग आपलं बांधाचं मिटवंल का?"

इथं शहाण्या माणसानं फोन ठेवला असता. मी काय म्हणालो? "चुटकीसरशी!"

माझा हिशोब सरळ होता. माणूस माझा, चहा माझा, उद्या मटणही माझं. निकाल दुसऱ्या कुणाच्या बाजूनं लागणार?

रविवारी 'नदी दाखवतो, जेवायला चला' एवढंच सांगून मी आणि सुनंदा साहेबाला त्याच्याच जीपमधून वडगाव रासाईला घेऊन गेलो. पंचायतीचं अवाक्षर काढलं नाही. आबांच्या शेतात चिंचेखाली सतरंज्या टाकलेल्या. निम्मा गाव हजर. विलासराव आणि मंगल पलीकडच्या सतरंजीवर. साहेब मांडी घालून बसला, मटण-भाकरीवर तुटून पडला. रस्सा नाकाडोळ्यांतून वाहत होता, पण गडी थांबेना! मी विलासरावकडं बघून मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात आबा उठले. साहेबाच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला.

"साहेब, तुम्ही जगाचं मिटवता. ह्या आमच्या दोन बैलांचं बी मिटवा!"

युनूसभाईनं सांगितलं तसा साहेबाला ठसका लागला. "नो, नो! आय ॲम मेकॅनिक! मशीन! नट-बोल्ट!"

"काय म्हणत्यात?" आबांनी विचारलं.

"मोठी माणसं," मी म्हणालो, "स्वतःच्या तोंडानं मोठेपणा सांगत न्हाईत."

आणि मी दुभाष्या म्हणून पुढं सरकलो. विलासराव ताडकन उठला. "भांडणारा बी हाच आन् दुभाषी बी हाच? आबा, युनूसभाई बोलू द्या." लोकांनी माना हलवल्या. मी बसलो.

साहेबानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सुटका नाही हे त्याला कळलं असावं. हात धुतले, शाल तशीच अंगावर ठेवून बांधावर गेला. काटे बघितले. पलीकडचा ऊस बघितला. परत आला आणि आधी विलासरावला विचारलं, वाट कशाला पाहिजे?

विलासरावच्या आधी मंगलच बोलली. "ऊस तोडीला आलाय, दादा. ट्रॅक्टर आत येईना तर रानात वाळून जाईल. उन्हातान्हात पाणी धरलंय मी त्याला."

मग साहेब माझ्याकडं वळला. मी निवांत. माझं मटण त्याच्या पोटात! मी तर डोळासुद्धा मारला.

"साहेब विचारतायत, बांधावर तुमचं काय हाय? पीक?" युनूसभाई म्हणाला.

"न्हाई."

"झाड?"

"न्हाई."

"पाइपलाइन?"

"...न्हाई."

"मग ट्रॅक्टर गेला तर तुमचं जातं काय?"

सगळ्या सतरंज्या माझ्याकडं वळल्या. काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. आणि आतून आलं काय?

"त्याच्याकडं कोरिया हाय!"

अहो, मीच दचकलो! पण तोंड थांबेना. "कोरिया बी त्यालाच आन् वर वाट बी त्यालाच?"

युनूसभाई घुटमळला, पण इमानदार माणूस, त्यानं शब्दन् शब्द पोचवला. साहेबानं दोनदा परत विचारून घेतलं. "साहेब म्हणतायत, कोरियाचा आन् बांधाचा संबंध काय? का मलाच समजंना?"

आता सगळ्या गावालाच ते ऐकायचं होतं! आबा एवढे हसले की डोक्यावरचा फेटा घरंगळला. मंगलनं तोंडाला पदर लावला. सुनंदा जमिनीकडं बघत होती. जमीन दुभंगली असती तर आधी तिनं मला ढकललं असतं.

एक विलासराव तेवढा हसला नाही. तो माझ्या शेजारी येऊन बसला. हळू आवाजात म्हणाला, "पोपटराव, कसला कोरिया आन् कसलं काय! भाडं देतो आन् दार लावून घेतो. एवढी वर्षं झाली, माझ्या घरचा चहा प्याला न्हाई. नाव बी धड ठाऊक न्हाई त्याला माझं. तुमचा साहेब बघा, मांडी घालून जेवला! तुमचा फोन आल्यापासनं जळतोय मी."

काय सांगू, त्या एका वाक्यानं माझ्या पोटात असा गारवा पडला! साडू जळतोय! माझ्यावर जळतोय! मी उठलो, बांधावर गेलो आणि सगळे काटे स्वतःच्या हातानं उचलून बाजूला फेकले.

"ट्रॅक्टरपुरती कशाला, विलासराव? ट्रॉलीला ट्रॉली पास होईल एवढी वाट घ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबानं आमचे हात एकमेकांच्या हातात दिले. काट्यांनी रक्ताळलेला तो माझा.

मी हातात रुतलेले काटे काढत बसलो होतो, तोवर विलासराव साहेबाला नदी दाखवून आला. येताना दोघं हसत होते. कशाला, ते मला कुणी सांगितलं नाही. युनूसभाई माझ्याजवळ येऊन खाली बघत म्हणाला, "मालक, गेस्टहाउसला गरम पाणी न्हाई. साडूसाहेबांकडं गिझर हाय म्हणं. साहेब खोली बघायला सणसवाडीला निघालेत. आता दर रविवार तिकडंच काढणार म्हणतायत."

बघता बघता जीप भरली. पुढं साहेब, मागं विलासराव आणि मंगल. साहेबानं शाल हलवून मला टाटा केला. जीप ट्रॅक्टरच्या नव्या वाटेनंच वळवून घेतली. धुरळा माझ्या तोंडावर.

आम्ही दोघं दुधाच्या टेम्पोत मागं, कॅनांच्या मधी बसून निघालो. माझ्या मांडीवर मटणाचं रिकामं पातेलं. वाटेत एका खड्ड्यात टेम्पो उडाला आणि पातेलं हातातून निसटलं.

दिवसभर न बोललेली सुनंदा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आवो, नीट धरा की! मंगलचं हाय ते!"