गादीवर कोणीतरी बसेपर्यंत

रोमचं अर्धं राज्य बुडाल्यावर उरलेलं अर्धं पुढे हजार वर्षं तगलं, हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही ह्यूस्टनच्या हायवेवर. शाळेत इतिहासात मी कायम काठावर पास. पण मागच्या वर्षी आमच्या ह्यांना घशाचा कॅन्सर निघाला. आठवड्यातून पाच दिवस, सलग सात आठवडे रेडिएशन. शुगर लँडमधल्या आमच्या घरून हॉस्पिटलपर्यंत गाडी मी चालवायची आणि वाटेत ह्यांनी लायब्ररीतून आणलेली बायझंटाइन साम्राज्यावरची लेक्चर्स ऐकायची, असं ठरलं. "एकही दिवस चुकवू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पहिले आठवडे मजेत गेले. म्हणजे कॅन्सरमध्ये जेवढी मजा येऊ शकते तेवढी. हे लेक्चर थांबवून स्वतः लेक्चर द्यायचे. "अगं, त्या लोकांनी स्वतःला बायझंटाइन कधी म्हटलंच नाही. ते स्वतःला रोमनच समजत. हे नाव मागाहून दुसऱ्यांनी चिकटवलं." एका राजाला नाक कापून हाकलून दिलं, तरी तो परत येऊन गादीवर बसला. तो ह्यांचा फार लाडका. हॉस्पिटलात चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क घालून ह्यांचं डोकं टेबलाला आवळून टाकत. कसं वाटतं विचारलं की हे अंगठा वर करायचे. चौथ्या आठवड्यात ह्यांचा आवाज बसला, मग पार गेला. दिवसभर बडबडणारा माणूस असा गप्प झाला की घर खायला उठतं हो! मला नुसता राग यायचा, कुणाचा ते कळायचं नाही.

माझा एक वेडेपणा मात्र सांगायला हवा. माहेरी चातुर्मासात पोथी वाचायचे. वाचन वधापाशी, मरणापाशी थांबवायचं नाही, हा नियम. कुणाचं लग्न लागू दे, कुणी गादीवर बसू दे, मग पोथी बांधायची. मी केमिकल इंजिनिअर, उपास करत नाही, शकुन मानत नाही. पण हॉस्पिटलच्या बहुमजली पार्किंग गॅरेजमध्ये एखाद्या राजाचे डोळे काढले जात असताना गाडी बंद करायला माझा हात धजेना. आणि त्यांचे राजे काही सुखाने मरायला तयार नसत! मग नवा राजा बसेपर्यंत मी गॅरेजमध्येच चकरा मारायची. "आई, जस्ट पॉज इट!" मुलगी फोनवर ओरडायची. अगं बाई, पॉज म्हणजे तिथे थांबवणंच ना! हे खिडकीबाहेर बघत बसायचे.

सहाव्या आठवड्यात घात झाला. एका राणीने राज्यासाठी पोटच्या मुलाचे डोळे काढवले आणि स्वतःच गादीवर बसली. आता हे शुभ कसं धरायचं? मेली कुठली! म्हटलं, पुढचा येऊ दे. पुढचा आला, पण मी गाडी लावायला जागा शोधेपर्यंत तो लढाईत मेलासुद्धा, आणि शत्रूने त्याच्या कवटीचा पेला केला. त्याचा मुलगा जखमी, काही महिन्यांत तोही गेला. त्यानंतरच्याला मठात धाडलं, आणि त्याच्याही नंतरच्याला तर चर्चमध्येच कापलं. मी वर-खाली, वर-खाली फिरतेय आणि प्रत्येकाला "बस रे बाबा एकदा नीट" म्हणतेय. शेवटी गाडी लावली तेव्हा आमची वेळ टळून पंचवीस मिनिटं झाली होती.

काउंटरवर सांगितलं, मशीनवर दुसरा पेशंट गेला, आज आता जागा नाही, उद्या या. इतके दिवस जिवापाड सांभाळलेलं मी माझ्या हाताने घालवलं, तेही कुठल्या मेलेल्या राजांपायी! मी तिथेच रडायला लागले. ह्यांना रोज मास्क चढवणारी टेक्निशियन बाहेर आली, दणकट बांध्याची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिने आपलं जेवण बाजूला ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत ह्यांना आत घेतलं. आज हे घोगऱ्या आवाजात फोनवर भावाशी तासभर वाद घालतात, तेव्हा मी मनातल्या मनात त्या बाईला हात जोडते.

परत येताना मी सारखी माफी मागत होते. "झाला तेवढा मूर्खपणा पुरे. उद्यापासून गाडी लावायची आणि तडक आत जायचं."

ह्यांनी जोरजोरात मान हलवली. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कुठे ह्यांची कुजबुज मला ऐकू आली. "नको. तो मास्क आवळला की जीव गुदमरतो माझा. रोज वाटायचं, आज परत फिरावं. तू चकरा मारायचीस ना, तेवढ्या वेळात मी धीर गोळा करायचो."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी खेकसलेच.

"तू घाबरली असतीस."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, पण डोळे भरून आल्यामुळे मला पुढचा रस्ताच दिसेना.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घरातून अर्धा तास आधी काढली.