लाइन बराबर है!

सत्कार दोन तासांत आटोपतो, पण त्याचे किस्से काही आटोपत नाहीत. निजामी अमलातले ते शेवटचे दिवस. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांचा आणि जुन्या शिपायांचा आम्ही जालन्यात जाहीर सत्कार केला होता. अजूनही कमिटीतले आम्ही जुने लोक भेटलो की गप्पांत चहा गार होतो! माझं कापडाचं दुकान, म्हणून कमिटीनं मंडप माझ्यावरच टाकला होता.

* * *

बँड होता तो लग्नातला. मी मास्तरला विचारलं, "लष्करी काही वाजवता येईल का?"

"न्हाई मालक. आपल्याकडं दोनच चिजा. नवरदेव येतो तव्हाची, अन् नवरी जाती तव्हाची."

"मग पहिलीच वाजवा. दुसरी बिलकुल नको! पोरं परत आलीत."

अख्खी पलटण नवरदेवाच्या थाटात मंडपात आली!

* * *

सत्काराच्या आधी टेंभुर्णीची गया दुकानात आली होती. तिचा नवरा राघू, माझ्या दुकानात वाकून शिरणारा उंच गडी, याच पलटणीतून ब्रह्मदेशात लढायला गेला तो परतलाच नव्हता. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. गयाच्या कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू.

"मालक, शिपायांना ओवाळायला मला बी ताट धरू देतील का?"

मी कमिटीत विषय काढला. एक जण म्हणाला, "ते सवाष्णींचं काम आहे."

"मग ती कोण आहे?" मी विचारलं.

आमचे अध्यक्ष, अडतवाले तात्या, खाकरले आणि म्हणाले, "पुढचा विषय घ्या." त्या बाईचं कुंकू आम्ही पुढच्या विषयाखाली दाबून टाकलं! मला तात्यांचा भयंकर राग आला. शेवटी गयाला म्हणालो, "तू ये तर खरी."

* * *

राजूरचे नामदेवबुवा पहिल्या महायुद्धातले, बसऱ्याला जाऊन आलेले. अंगात तेव्हाचाच कोट. बटण काही लागेना. "कोट आकसला," बुवा म्हणाले. पोटाचा विषय कुणी काढला नाही.

तहसीलदारसाहेबांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "बाबा, बसरे में क्या देखा?"

"खजूर!"

"और?"

"खेचर!"

"अरे, जंग नहीं देखी?"

"जंग खेचरानं पाह्यली, साहेब. म्या त्याची शेपटी धरून मागं होतो!"

साहेब एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

* * *

मग तात्यांचं भाषण. सुरू झालं ते संपेचना. ऊन चढलं, लोक चुळबुळायला लागले, पण शिपायांची रांग ताठ! एकाचीही मान हलली नाही. तात्या खाली उतरले ते फुलूनच. एका शिपायाला म्हणाले, "किती मन लावून ऐकलंत रे पोरांनो!"

"काय करता मालक," तो पुटपुटला, "हवालदारानं विश्रामच दिला न्हाई!"

* * *

शेवटी ओवाळणं आणि फोटो. फोटोवाले करीमभाई काळ्या कपड्यात डोकं घालून ओरडायला लागले, "सरको भाई, जरा सरको! बीच में जगह है!"

खरंच होती. हवालदार आणि त्याच्या शेजारचा शिपाई यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. हवालदार समोर बघतच म्हणाला, "आमची लाइन बराबर हाये."

तात्यांना वाटलं, जागा अध्यक्षांसाठी राखली आहे. ते उपरणं सावरत मध्ये शिरायला गेले. हवालदारानं त्यांचा दंड हलकेच धरला. "मालक, तुमची जागा खुर्चीवर."

सवाष्णी ताटं घेऊन पुढे निघाल्या. गया मंडपाच्या खांबापाशी उभी होती. पदराखाली काहीतरी झाकलेलं.

"वहिनी," हवालदारानं हाक मारली, "ताट बाहीर काढा. पलटण तुमच्यासाठी थांबून राह्यली."

पुढच्या सवाष्णीनं बाजूला होऊन वाट दिली.

गया रांगेच्या टोकापासून सुरू झाली. कुंकू, अक्षता, ओवाळणं. एकेक कपाळ करत ती हवालदारापर्यंत आली, त्यालाही ओवाळलं. पुढे मोकळी जागा. तिथं ती थांबली. टाचा उचलल्या, हात वर केला आणि कुंकवाचं बोट उंचावर टेकवलं. मग सावकाश ताट ओवाळलं.

करीमभाईंनी काळ्या कपड्यातून डोकं बाहेर काढलं, बघितलं आणि पुन्हा आत घातलं.

"कोई मत हिलो," ते आतून म्हणाले. "लाइन बराबर है."