बाबांचा क्लच आणि गाडीची वायर: नागपूर ते चिखलदरा

जानेवारीत दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊ, असं मी जाहीर केलं तेव्हा बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. नऊ महिन्यांपूर्वी हाच माणूस नुसतं ‘चला’ म्हटलं की पाण्याची कॅन भरून गाडीपाशी उभा असायचा. त्यांचं गाडी चालवणं आम्हीच बंद केलं होतं, म्हणून ही सहल. लाच म्हणा हवं तर.

झालं असं होतं. आमची सोळा वर्षांची पेट्रोल गाडी एप्रिलमध्ये नागपुरात धंतोलीच्या गर्दीत बाबांच्या हातात अचानक बंद पडली. मागे ॲम्ब्युलन्स. कुणीतरी ओरडलं, “काका, घरी बसत जा न!” दोन मिनिटांनी चावी फिरवताच ती चालू झाली, पण बाबा घामाघूम होऊन घरी आले. “मी नाही बंद पाडली गा,” ते म्हणाले. “सोताच गेली. हॉर्नबी वाजे नाही. अर्थिंग पाहून घे.”

बाबा आयुष्यभर लाइनमन होते. पंखा कुरकुरो की फ्रिज, त्यांना आधी अर्थिंग आठवतं, म्हणून आम्ही हसलो. गॅरेजवाल्याने बॅटरी तपासली आणि “टकाटक आहे” म्हणाला. आठवड्यात पुन्हा तेच झालं, तेव्हा मी आणि माझी बायको नेहा, दोघांनी त्यांना समोर बसवून सांगितलं की बहात्तराव्या वर्षी क्लच नीट सुटत नाही, आता पुरे. ते भांडले नाहीत. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते. पुढे गाडी माझ्याही हातात दोनदा बंद पडली. त्याचं खापर मी पेट्रोलवर फोडलं.

तर प्रवास. सकाळी सहाला घरून, मानेवाड्याहून निघालो. बाबा माझ्या शेजारी, नेहा मागे. जाणार असाल तर लवकरच निघा, नाहीतर शहराच्या टोकाला वाडीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडेपर्यंतच जीव जातो. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. कोंढाळीला तर्री पोहे खाल्ले. वरचा रस्सा, म्हणजे तर्री, इतकी जहाल की नेहाच्या नाकाडोळ्यांतून पाणी. संत्री पुढे रस्त्याकडेला घ्या आणि भाव करा, पहिला आकडा कधीच खरा नसतो. बाबाही जरा खुलले. कुठल्या गावात कुठल्या खांबावर चढले होते ते सांगू लागले.

तळेगावच्या अलीकडे, चांगल्या ऐंशीच्या वेगात, गाडीतलं सगळं एकदम गेलं. इंजिन गेलं, डॅशबोर्ड विझला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागून ट्रक येत होता. मी हॉर्न दाबला. वाजला नाही. ट्रकवाला शिव्या देत बाजूने निघून गेला आणि आम्ही कशीबशी गाडी कडेला लावली. क्लचला तर मी हातच काय, पायही लावला नव्हता.

बाबांकडे बघायची हिंमत होईना. “मी सांगितलं होतं न,” हे ऐकायची तयारी करून बसलो होतो. ते म्हणाले, “बॉनेट खोल.”

मग त्यांनी नेहाला चावी फिरवून ठेवायला सांगितली आणि एकेक वायर हातात धरून हलवू लागले. “क्लचनं बंद पडली असती तर लाइट राह्यले असते गा. सारंच गेलं म्हंजे मेन लाइनच तुटून राहिली.” बॅटरीखालून बॉडीला जाणारी काळी वायर, म्हणजे गाडीचं अर्थिंग, त्यांनी हलवली, तशी नेहा आतून ओरडली, “बाबा, लाइट आले! गेले! परत आले!”

ती वायर हाताने दाबून बसवली आणि हळूहळू तळेगाव गाठलं. तिथल्या इलेक्ट्रिशियनने बोल्ट काढला. वायरचं टोक हिरवं-पांढरं होऊन गंजलेलं. “काहो, बॅटरीवर पाणी कोण टाकते?” त्याने विचारलं.

मी टाकत होतो. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यापासून, गेली तीन वर्षं, दसऱ्याला गाडीची पूजा माझ्याकडे आहे. बाबा फुलाने चार थेंब शिंपडून लगेच फडक्याने पुसायचे. मी बॉनेट उघडून पाइपने आंघोळच घालायचो आणि वर नारळाचं पाणी बॅटरीवर. इंजिनालाही प्रसाद, असा विनोद करत.

नवी वायर अर्ध्या तासात बसली. माफी मागायला मला अमरावती ओलांडावी लागली. बाबा म्हणाले, “असू दे. होते असं.”

परतवाड्याला पेट्रोल भरून घ्या, पुढे घाट आहे. चिखलदऱ्यात धुकं, रबडी, आणि थंडी अशी की दात वाजतात. दुसऱ्या सकाळी पठारावर रस्ता अगदी रिकामा होता. मी उतरलो आणि बाबांना चालवायला बसवलं. ते शंभरेक पावलं गेले असतील. मग गाडी कडेला घेऊन उतरले. “बस झालं,” म्हणाले. त्यांचा हात धरला तर गार पडला होता.

घरी आल्यावर कळलं की त्यांचं लायसन्स ऑगस्टमध्येच संपलंय. आमच्या कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी म्हणालो, उद्याच फॉर्म भरतो.

“राहू दे गा. तुम्ही दोघं क्लच सुटत नाही असं म्हणून राहिले होते, तं मलेबी वाटाले लागलं का माह्याच पायात बिघाड असन. नऊ महिने तेच घोकलं. आता क्लचवर पाय ठेवला का भेव वाटते.”

नेहा उठून आत गेली.

लोक विचारतात, जुन्या गाडीने चिखलदरा जमेल का? जमेल. अर्थची वायर तेवढी बघून घ्या. आमची गाडी त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. रविवारी मी चालवतो, आणि पुढे बसा म्हटलं तरी बाबा मागच्या सीटवरच बसतात.