मामांच्या ठशातले साहेब

रायपूरला राजधानी सरकारने केलं असेल, पण त्या राजधानीला तिचं तोंड दाखवलं ते आमच्या थोरल्या मामांनी, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. रेल्वेत कारकुनी करताना कधीतरी कलकत्त्यात त्यांनी एकोणिसाव्या शतकातली छापील चित्रं पाहिली: विलायती बूट घालून मिरवणारे बाबू, बायकोच्या पायाशी लोळण घेणारे नवरे, सारं लाकडाच्या ठशावरून छापून भर बाजारात विकलेलं. तेव्हापासून मामांना घरातली कुठलीही फळी नुसती फळी दिसेना. मामीने एका सकाळी पोळपाट उलटा केला, तर मागे पंडरीच्या कापडबाजारात साडीसाठी दुकानदाराशी भांडणारी खुद्द मामी कोरलेली. "माहं नाक काहून एवढं मोठं?" तिने विचारलं. "लाकूड संपलं, नाही तं अजून मोठं करत होतो," मामा म्हणाले. लग्नाच्या पंगतीत ते जेवणाऱ्यांचे चेहरे असे निरखत, की माणसं तोंडातला घास चावायची थांबत.

शहर राजधानी झालं आणि मामांना चेहऱ्यांचा सुकाळ झाला. एका बड्या साहेबांची गाडी गोल बाजारातून जायची म्हणून भाजीवाल्या बायांना रोज दोरीमागे अडवून ठेवत. मामांनी तेच कोरलं: गाडीत तोंड उघडं टाकून झोपलेले साहेब, आणि दोरीमागे डोक्यावर टोपल्या घेऊन ताटकळणाऱ्या बाया. चित्रं बाजारभर लागली आणि साहेबांचं बोलावणं आलं. मामी देवापुढे बसली. मामा इस्त्रीचा सदरा घालून, चित्राची ताजी प्रत घेऊन निघाले. सोबत मी होते.

"ये मैं हूँ?" साहेबांनी विचारलं.

"आपको क्या लगता है?" मामा शांतपणे म्हणाले.

हो म्हणावं तर झोपेची कबुली, नाही म्हणावं तर तक्रारच संपली. शेवटी साहेब म्हणाले, "माफ़ी लिखकर दीजिए।"

"हव. इसी चित्र के नीचे छाप देता हूँ।"

साहेबांनी चित्र जवळ ओढलं. मग कोपऱ्यातल्या म्हातारीवर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "ये इतनी देर खड़ी रहती है?" मामांनी मान हलवली.

थोड्याच दिवसांत ती दोरी गेली. त्यानंतर मामांबरोबर बाजारातून मी अशी चालायचे, जणू गाठ मीच सोडली होती.

आता मामांचे हात थरथरतात. हत्यारं मामीने कपाटात ठेवून दिली आहेत. परवा त्यांना बाजारात नेलं, तर एका दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहत राहिले. ऊन वाढलं, तसं मी म्हटलं, "चला ना मामा, घरी मामी वाट पाहून राहिली."

"थांब जरा, पोरी," ते म्हणाले. "लय चेहरे राहून गेले."

मग मीही त्यांच्या शेजारी बसले.