रघुनाथचं अर्धं वाक्य

जळगावहून फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. "भाऊजी, हे..." एवढंच म्हणून सुमनवहिनी थांबल्या. "गेला का रघुनाथ?" वाक्य मीच पुरं केलं. सवय जुनी आहे.

रघुनाथ बोलताना अडखळायचा. नव्वदच्या दशकात धुळ्याच्या कॉलेजात आम्ही दोघं संगणक विभाग सांभाळत होतो. मी प्रमुख, तो माझ्या हाताखाली. पण एरंडोलच्या शाळेपासूनचा मित्र. त्याचं वाक्य अडलं की पुढचं मी बोलून टाकायचो. लोकांना त्यात जिव्हाळा दिसायचा... मलाही. आमच्या युनिक्सच्या मशीनवर फाइलच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करून टॅबचं बटण दाबलं की उरलेलं नाव आपोआप भरलं जाई. खोड एकच होती. तशी चार नावं असली, तरी ते बेधडक पहिलंच भरून मोकळं होई आणि मुलं भलत्याच फाइली पुसून बसत. रघुनाथनं हे भरण्याचं काम करणारा 'शेल' नावाचा प्रोग्राम उघडला आणि कित्येक दिवस त्यात डोकं घातलं. सगळ्या नावांत सारखं असेल तेवढंच भरायचं, बीप वाजवून थांबायचं. पुन्हा टॅब दाबलं तर सगळी नावं समोर मांडायची. मी वैतागलो. "अरे, भरू दे ना पहिलंच! किती लाड त्या मशीनचे?" आम्ही दोघंच असलो की तो अहिराणीत बोले. "पहिलंच खरं शे का भो? थां... थांबनं शिकाडी ऱ्हायनू त्याले. तुले तं जमनं नही!" मला न जमलेलं थांबणं तो मशीनला शिकवत होता! दोघंही खूप हसलो.

हे काम पाहून पुण्याच्या एका संशोधन केंद्राचे लोक त्याच्याशी तिथल्या नोकरीचं बोलून गेले. दुसऱ्या खेपेला आले ते प्राचार्यांसमोर त्याचा होकार घ्यायला. "मला..." रघुनाथ म्हणाला आणि अडकला. "त्याला धुळं सोडवणार नाही, सर," मी म्हणालो. प्राचार्य खूश झाले. रघुनाथ माझ्याकडे बघत राहिला... मग त्यानं मान खाली घातली. तो गेला तर विभाग माझ्याच्यानं चालणार नाही, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं.

त्याच्या शोकसभेत तिघाचौघांनी सांगितलं, मातीच्या ओढीनं रघुनाथनं पुणं नाकारलं. ही गोष्ट माझीच रचलेली. इतकी वर्षं मीच ती सांगत आलो, त्याच्या देखतसुद्धा. म्हणून आता लिहितो आहे, त्यानं काहीही नाकारलं नव्हतं. त्याला बोलू दिलं गेलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात जळगावला जाऊन वहिनींना हे सांगितलं. त्याच्या खोलीत बसलो होतो, समोर त्याचा कीबोर्ड, टॅबवरची खूण बोटानं झिजून गेलेली. वहिनींनी कीबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. "त्या दिवशी ते घरी आले, आणि..." त्या थांबल्या. चिडला असेल, रडला असेल... शब्द माझ्या ओठांवर आलेच होते. मी त्या टॅबवर बोट टेकवून गप्प बसलो.

"...आणि जाण्यासाठी पुस्तकांचे गठ्ठे बांधून ठेवले होते ना, त्यांच्या गाठी सोडत बसले. मी विचारलं, काय झालं? तर त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला."